कुलूप न लावायचे दिवस

आमच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्यांसारखे ते आपोआप साचतात. कुणी आणल्या, कधी आणल्या, कुणालाच आठवत नाही, आणि टाकायला गेलं की आई म्हणते, "राहू दे, लागेल कधीतरी." ऑफिसात डबा उघडला की मी एखादा सांगते. मैत्रिणी म्हणतात, "मानसी, लिहून काढ ना एकदाचे!" तर घ्या.

घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा रिटायर झालेत. दादा आणि सायलीवहिनी नोकरी करतात. मी समाजशास्त्रात एम.ए. करून ठाण्यातल्या एका संस्थेत बायकांच्या हक्कांचं काम करते. आणि आई. आई घर चालवते. कसं चालवते हे मला अजून कळलेलं नाही. मी तिला समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, भिंतीवर व्हाइट बोर्डसुद्धा लावून पाहिला. त्यावर आता आईने झेंडूचं तोरण अडकवलंय.

*

आईच्या मते घरात माणसं पाच असली तरी हात पुष्कळ आहेत, कारण देव्हाऱ्यातल्या प्रत्येकाला तिने काम नेमून दिलंय. सकाळी बाहेर पडणाऱ्यांच्या मागे गणपती जातो. पाण्याची टाकी शंकराकडे. गॅसकडे अन्नपूर्णेचं लक्ष. बाकी उरलेलं सगळं देवीकडे. दूध तापत ठेवून आई खाली भाजीवाल्याकडे जाते आणि जाता जाता ओरडते, "अन्नपूर्णे, बघ गं जरा!"

दूध उतू जात नाही. मी समोर उभी असले तरच जातं!

एकदा माझ्या लक्षात आलं, बाळकृष्णाकडे काहीच काम नाही. विचारलं, तर आई म्हणाली, "तो लहान आहे अगं."

माझं डोकंच फिरलं. "बघ! म्हणजे देव्हाऱ्यातसुद्धा बायका राबणार आणि मुलगा बसून खाणार!" मग मी बराच वेळ बोलले. आई वाती वळत शांतपणे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर छोटा पाट, पाटावर बाळकृष्ण.

"हे काय?"

"तूच म्हणालीस ना, त्यालाही काम दे म्हणून. लोणी राखायला बसवलाय!"

*

सायलीवहिनी लग्न होऊन आली त्या आठवड्यातली गोष्ट. वहिनी इंजिनीयर. तिला प्रत्येक गोष्ट नीट मोजून हवी असते. आईने भात लावला आणि जपाची माळ घेऊन बसताना सांगितलं, "सायली, माझी एक माळ झाली की गॅस बंद कर हं."

वहिनीने मोबाइल काढला. "आई, तुमची माळ साधारण किती मिनिटांची असते?"

"ते काय सांगू? मन लागलं तर पटकन होते. नाही लागलं तर वेळ लागतो."

"अहो, पण मग भात?"

आई म्हणाली, "त्याला कळतं."

वहिनी अजूनही टायमर लावते. तिचा भात कधी कच्चा राहतो, कधी लागतो.

*

आमच्याकडे पाणी सकाळीच काय ते येतं, आणि त्यातलं पहिलं पाणी देवांना. बाबा तोंडात ब्रश घेऊन उभे, दादा टॉवेल गुंडाळून उभा, मी घड्याळाकडे बघत पाय आपटतेय, आणि आई ताम्हनात एकेका देवाला आंघोळ घालतेय. लहान मुलाला घालावी तशी, कानामागून बोट फिरवून.

एका सकाळी पाणी आलंच नाही. सोसायटीने टँकर मागवला, घरटी थोडंथोडं मिळालं. त्यातही पहिला मान देवांचाच!

मी म्हटलं, "आई, त्यांना रोज आंघोळ कशाला? ते काय घामाघूम होऊन ऑफिसला जातात?"

"नाही ना," आई म्हणाली, "म्हणून सगळ्यांचं मिळून एका तांब्यात भागतं. तुझी एकटीची बादली!"

*

आई गाते. म्हणजे गुणगुणते. पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज भिंतीच्या आतून वाहत असल्यासारखा वाटतो. पाण्याच्या पाइपातून, भांड्यांवरून, उशीखालून. खूप लहान असताना मला वाटायचं घरालाच आवाज असतो, आणि मैत्रिणींच्या घरी राहायला गेले की त्यांचं घर मुकं आहे म्हणून मला रडू यायचं.

संस्थेत आम्ही बायकांना एक प्रश्न विचारतो: तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय? एका संध्याकाळी गॅलरीत तो मी आईला विचारला. लांब मलंगगडाचा डोंगर धुरकट निळा दिसत होता. आई दोरीवरचे कपडे काढत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"एकदा माईकवर गायचंय," ती म्हणाली. "मोठ्या मांडवात."

बस्स. एवढंच! आणि तेही कधी घडलं नव्हतं. मला इतका राग आला की मी कुणावर चिडलेय तेच कळेना.

आणि गेल्या वर्षी खरंच तसं जुळून आलं. मंदाकाकूंच्या भजनी मंडळात आई जाते. मंडळाला ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका मांडवात नवरात्रात गायचं बोलावणं आलं. ललितापंचमी, संध्याकाळ. मंदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "जोगवा तू म्हणायचास!"

आईचा चेहरा उजळला. आणि लगेच विझला.

"घट बसलेले असतील गं."

आमच्याकडे घट बसले की घराला कुलूप लावत नाहीत. नऊ दिवस घर उघडं, आणि अखंड दिव्यापाशी घरातलं कुणीतरी हवंच. दिवा एकटा सोडायचा नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून एकाही नवरात्रात तो दिवा मध्येच शांत झालेला नाही. नवरात्रात ती गिरणीवरसुद्धा जात नाही.

"अगं मग आम्ही थांबू ना!" मी म्हटलं.

"तुम्ही?" आई म्हणाली.

त्या एका शब्दात आमचं सगळ्यांचं चरित्र आलं.

*

त्यावरून घरात दुपारभर भांडण झालं. बाबांचं म्हणणं, कशाला एवढा उपद्व्याप? ठाण्यापर्यंत जायचं, गर्दीत बसायचं, दमून यायचं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आयुष्यभर रोज ठाण्याला गेलात, तेव्हा घरी कोण बसलेलं? तिच्यासाठी तुम्ही एकदा तरी घरी बसलात का?" वहिनी म्हणाली, "मुद्दा आहे हं." दादा म्हणाला, "मी कुणाच्याच बाजूने नाही." मी म्हटलं, "तेच तर!"

बाबा पार कोंडीत सापडलेले. उठले, देव्हाऱ्यापाशी गेले आणि काडी ओढून सांजवात लावली.

आता, आमच्या घरचा नियम असा की संध्याकाळचा दिवा लागला की जेवणं होईपर्यंत कुणी आवाज चढवायचा नाही. तो मात्र सगळे पाळतात.

"बाबा! बाहेर ऊन आहे! लोक दुपारचे झोपलेत अजून!"

"दिवा लागलाय," बाबा म्हणाले. "हळू बोल."

*

आई जाणार की नाही ते ठरलं नव्हतं, पण तालीम आमच्याच हॉलमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी पेटी लागली, सगळ्या सरसावून बसल्या आणि आईचा सूरच लागेना. जी बाई पोळ्या लाटताना सहज वरच्या सुरात जाते, ती नुसती मांडी घालून बसल्यावर घोगरी!

मंदाकाकूंनी निदान केलं. "हिचे हात रिकामे आहेत. काहीतरी द्या हिला."

मी मेथीची जुडी आणून दिली. आईने पहिलं पान खुडलं आणि आवाज असा मोकळा झाला की पेटीवाल्या काकू वाजवायच्या थांबल्या. मग रोज तसंच. आई गायची, मेथी निवडायची. दुसऱ्या दिवशी मंदाकाकू स्वतःची जुडी घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी सगळ्याच! शेवटी बाबांनी विचारलं, "हे भजनी मंडळ आहे की भाजी मंडई?" तेव्हा कुठे आईच्या हातात टाळ दिले गेले.

*

घट बसायला थोडेच दिवस उरले. मी रोज विचारायचे, "जाणार ना?" आई रोज म्हणायची, "बघू." मला त्या 'बघू'चा प्रचंड राग आहे. या देशातल्या बायकांची अर्धी स्वप्नं त्या 'बघू'त पडून आहेत!

शेवटी आई म्हणाली, "देवीला विचारते." आईचं माहेर कोकणातलं. तिथे कौल लावतात. देवीला दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार.

आईने फुलं लावली, हात जोडून बसली. मी मागे बसले. फुलं हलेनात. घरात इतकं शांत झालं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा दुसऱ्या गावातून आल्यासारखी वाटली. मी किती वेळ धीर धरणार? उठले आणि पंखा फुल स्पीडवर सोडला.

फुलं पडली. फुलं, अक्षता, बाबांचा पेपर, सगळंच पडलं.

आईने मागे वळून न बघता नमस्कार केला. "उजवं आधी पडलं. देवीने होकार दिला."

मला वाईट वाटलं. "आई, खोटं नको. पंखा मी लावला."

"माहितीय मला," आई म्हणाली. "तुला उठवलं कुणी?"

*

ललितापंचमीच्या दुपारी आई मंडळाची जांभळी साडी नेसून निघाली. हट्ट माझा होता, म्हणून दिव्यापाशी मी बसणार होते. आई उंबऱ्यातून पुन्हा पुन्हा मागे फिरली. वात अशी सारायची, तेल असं घालायचं, झोप आली तर तोंडावर पाणी मार. बाबा तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेले.

मी एकटी उरले. घटातलं धान्य पिवळसर, नाजूक उगवलेलं. झेंडूचा, तेलाचा, ओल्या मातीचा वास. दार उघडं, त्यामुळे जिन्यातला वारा हळूच आत यायचा, ज्योत वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. बराच वेळ दिव्याकडे बघत बसलं ना, की नंतर दिवाच आपल्याकडे बघतोय असं वाटतं. मला काही क्षण कशाचीच घाई नव्हती. खरं सांगते, असं याआधी झालेलं नाही.

तेवढ्यात बाबा परत आले. चप्पल काढत म्हणाले, "ऊठ. तू जा."

"अहो, पण मी थांबणार होते ना?"

"एवढी भांडलीस तिच्यासाठी, आणि तूच ऐकणार नाहीस? मी बसतो. जा लवकर."

गेले. कार्यक्रम अर्थातच उशिरा सुरू झालेला. मांडवभर दिव्यांच्या माळा, धुपाचा धूर, आणि त्या धुरात कुठेतरी तरंगत असल्यासारखी स्टेजच्या कडेला आमची आई. डोळे मिटलेले. मी जागा धरून बसते न बसते, तोच शेजारी कुणीतरी चष्मा पुसत टेकलं.

"बाबा! तुम्ही?"

"सायली ऑफिसातून लवकर आली. म्हणाली, तुम्ही गेलंच पाहिजे. ती बसलीय दिव्यापाशी."

आईने जोगवा सुरू केला. तो आवाज पाइपातून, भांड्यांवरून येणारा नव्हता. तो सगळ्या मांडवाच्या डोक्यावरून सरळ रस्त्यापर्यंत गेला. बाबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मध्येच मागून खांद्यावर हात. सायलीवहिनी!

"अगं, हा आला ना घरी. मला म्हणाला, मी बसतो, तू जा. आईंना बरं वाटेल." आणि ती आमच्यात घुसून बसली. आम्ही तिघं निवांत ऐकायला लागलो.

जोगवा संपत आला आणि गर्दीतून वाट काढत, ऑफिसची बॅग पोटाशी धरून, दादा आला.

तिघांनी एकदमच विचारलं, "घरी कोण आहे?"

"हळू. आई गातेय."

"दादा, घरी कोण आहे?"

"दिव्यात काठोकाठ तेल घातलंय. दार लोटून आलोय."

"अरे, पण..."

"माझी आई नाहीये का ती?" दादा म्हणाला. त्याला अजून धाप लागलेली. "मलापण ऐकायचं होतं!"

वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. बाबा अर्धे उठले, कुठे जायचं ते न कळून पुन्हा बसले. स्टेजवर जोगवा संपला, टाळ्या झाल्या, आणि आईने डोळे उघडले.

तिने मला पाहिलं. हसली. मग बाबांना पाहिलं. मग वहिनीला. मग दादाला. दादावर तिची नजर थांबली, आणि चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं. मी खुणेनेच सांगायला लागले की मी निघते, आत्ता निघते.

पुढचं मंडळ पायरीशी येऊन उभं होतं. मंदाकाकूंनी आईकडे बघून भुवया उंचावल्या. संपवायचं ना?

आईने माईक स्वतःकडे ओढला.

"आणखी एक घेते," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.