वाचक नसलेली माणसं

पालघर जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती. डहाणूच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते, तिथे एका वर्षापुरता निधी मिळाला आणि खिडकीपाशी एक टेबल, संगणक आणि इंटरनेट आलं. लोकांना सरकारी योजनांची माहिती द्यायची, अर्ज भरायला मदत करायची, एवढंच काम. आठवडाभरात पुस्तकांपेक्षा त्या टेबलाकडेच गर्दी होऊ लागली.

रानशेतची एक बाई आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला एकच कागद होता. नवरा तलासरीच्या पलीकडे, गुजरातेत कामाला होता. तिकडच्याच दवाखान्यात वारला. विधवा पेन्शनसाठी तिने कचेरीत मृत्यूचा दाखला दिला, तर तो परत आला.

"काय लिवलंय, ते कोणी सांगत नाही," ती म्हणाली.

दाखला गुजरातीत होता. मला गुजराती वाचता येतं. त्यात नवऱ्याचं नावच चुकलं होतं. रेशनकार्डावर वेगळं होतं. मी तिला ते समजावून सांगितलं आणि दुरुस्तीचा अर्ज गुजरातीत लिहून दिला. तिने अंगठा उठवला. तो अर्ज घेऊन ती तिकडे गेली. पंधरा दिवसांनी परत आली. रेशनकार्डाची साक्षांकित प्रत आणि ऑनलाइन अर्ज हवा, असं तिला तिकडे सांगितलं होतं. आधी प्रत करून आण, मग अर्ज इथूनच भरू, असं मी म्हटलं.

तोवर वर्ष संपलं होतं. निधी पुढे चालू ठेवा म्हणून मी तीन पत्रं लिहिली होती. तपासणीला ग्रंथालय खात्याचे साहेब आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे टेबलाची वही ठेवली. कोण आलं, कशासाठी आलं, काय झालं, सगळं तीत लिहिलेलं होतं.

त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "यातले सभासद किती?"

"सभासद नाहीत, सर. यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही."

"मग ह्यांना वाचक कसं म्हणायचं? बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण अनुदान पुस्तकांना मिळतं. हे मी कुठल्या रकान्यात भरू?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या छापील तक्त्यात तसा रकाना खरंच नव्हता. त्यांनी वही मला परत दिली, देवघेवीच्या रजिस्टरवर सही केली आणि चहा घेऊन निघाले.

महिन्याभरात इंटरनेट बंद झालं. टेबलावर वर्तमानपत्रं आली. ती बाई पिशवीत प्रत घेऊन आली, तेव्हा तिथे दोन निवृत्त गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ती दारातच थांबली. मी तिला सायबर कॅफेत नेलं, तर तिथला मालक म्हणाला, "गुजरातचं काम आम्ही करत नाही." तलासरीला एकजण करतो म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली. तो तिला दोनदा भेटलाच नाही. प्रत्येक खेपेला तिची एका दिवसाची मजुरी बुडत होती.

पुढे कधीतरी नरपडच्या थांब्यावर ती दिसली. चिकूच्या वाडीत कामाला लागली होती.

"दाखल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"सोडून दिलं." मग माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "तुमचं टेबल का काढलं, बाई? माझ्यामुळं काही झालं का?"

मी नाही म्हटलं. तिचा टेम्पो आला आणि ती बाकीच्या बायकांबरोबर मागे चढून बसली.