चिमाबाईंची डायनिंग कार

साहेबरावांची उभी हयात रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर म्हणून गेली. पांढऱ्या कापडाची टेबलं, चिनी मातीच्या बशा आणि डाव्या हातावर तोललेल्या तीन प्लेटा. घाटात गाडी कशीही हेलकावली, तरी त्यांच्या हातचं सूप कधी हिंदकळलं नाही. गावी त्यांच्या वडिलांना हॉटेलात चहा बाहेर बसून, वेगळ्या कपातून मिळायचा. इथे मोठमोठे लोक साहेबरावांच्या हातचं ऑम्लेट मागून खात. पिंपरीच्या खोलीवर आले की ते हे चिमाबाईंना पुन्हा पुन्हा सांगत.

"एकदा मलाबी बसवा की तिथं," त्या म्हणायच्या.

"पुढच्या महिन्यात," ते म्हणायचे.

एकदा तिकिटं काढलीसुद्धा, तर त्यांच्या मुलाला, सिद्धेशला, गोवर निघाला. मग त्या गाडीचा तो डबाच काढून टाकला. जेवण पाकिटातून यायला लागलं. साहेबराव रिटायर झाले, मोशीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, आणि तीन-चार वर्षांपूर्वी चिमाबाईंना विसर पडायला लागला. आधी भाजीतलं मीठ, मग नातीचं नाव, मग नवरा. परका माणूस भरवतोय म्हणून त्या तोंड घट्ट मिटून घेत.

तीन दिवस पोटात काही नाही म्हटल्यावर एका सकाळी साहेबरावांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, पांढरी चादर अंथरली, हातावर नॅपकिन टाकला. मैत्री या त्यांच्या नातीनं कटलेट तळले.

"बाई, जेवण लावलंय," ते अदबीनं म्हणाले.

चिमाबाई पदर सावरून बसल्या. "गाडी कुठवर आली?"

"खंडाळा येतोय."

दोन कटलेट खाऊन झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमचे मालक ह्याच गाडीत कामाला हायेत. त्यांनीच बसवलंय मला. दिसले तर सांगा, मी पोटभर जेवले."

"सांगतो, बाई."

प्लेट उचलून ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभे राहिले.

पुढे दहा महिने, दोन्ही वेळा, त्यांनी तसंच वाढलं. सिद्धेशला बघवेना. "बाबा, सांगा ना तिला, तुम्हीच ते."

"सांगून पाहिलं रे. घाबरली. दोन दिवस जेवली नाही."

गेल्या श्रावणात चिमाबाई गेल्या. आदल्या दिवशी दोन चमचे सूप घेऊन त्यांनी विचारलं होतं, "अजून नाही का आले ते?"

"येतायत," साहेबराव म्हणाले. "पुढच्या स्टेशनात चढतील."

चिमाबाईंनी मानेनंच बरं म्हटलं.