पायरीवरचा भाव

भाऊ बुटांच्या दुकानात विक्रीला उभे राहिले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिशी पांढरी झाली, तरी ते तिथेच उभे आहेत. या दुकानात कुठल्याही जोडावर किंमत लिहिलेली नाही. खोक्याच्या तळाशी मालकाने पेन्सिलीने एक खूण केलेली असते, ती मालकाला कळते आणि भाऊंना. गिऱ्हाइकाला जो भाव सांगायचा तो गिऱ्हाईक बघून. आणि बघायचं म्हणजे भाऊ तोंड बघत नाहीत.

"तोंड काय, कुणीही गरिबाचं करून येतो," ते सांगतात. "टाच बघावी. टाचेला नाटक येत नाही."

टाच एका बाजूने झिजलेली असली की माणूस पायी हिंडणारा, त्याला भाव सरळ. टाच कोरी आणि नाडी तुटकी असली की माणूस घाईत आहे, त्याला भाव चढा. पण भाऊंची खरी कारागिरी पायरीवर दिसते. गिऱ्हाईक रागावून उठतं, भाऊ गप्प. पहिली पायरी उतरतं, तरी गप्प. शेवटच्या पायरीवर पाय पडला की भाऊ हाक मारतात, "अहो या परत! तुमचंही नको, माझंही नको!" गिऱ्हाईक गड जिंकल्यासारखं परत येतं आणि भाऊंनी टाच बघताक्षणीच मनात धरलेली रक्कम मोजून जातं. जाताना त्याच्या पिशवीत न मागितलेली पॉलिशची डबी पडलेली असते आणि ती बिलातही चढलेली असते. कुणी हटकलंच, तर भाऊ इतक्या दुखावलेल्या आवाजात "काढू का?" म्हणतात की समोरचाच ओशाळतो आणि "असू द्या" म्हणून निघून जातो.

असा माणूस स्वतः खरेदीला निघाला की काय होत असेल, ते सांगायला नको. छापील किंमत हा भाऊंना स्वतःचा अपमान वाटतो. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं आणि आत सांडशी असताना त्यांनी बोटांच्या खुणांनी भाव केला होता. डॉक्टरने वैतागून थोडे कमीही केले. त्या दिवसापासून भाऊंना वाटू लागलं की जगात आपल्याला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

त्यांच्या बायकोला ऐकू कमी यायला लागलं, तिथून या गोष्टीला वळण लागलं. समोरासमोर, जरा ओरडून बोललं तर तिचं निभायचं. फोनवर मात्र काही म्हणजे काही कळायचं नाही. आणि मुलगी होती लांब, लग्न होऊन दुसऱ्या टोकाच्या शहरात गेलेली, त्यात आता पहिलटकरीण. ती रविवारी फोन करायची. भाऊ बायकोचा फोन कानाला लावून बराच वेळ "हं, हं" करत बसायचे आणि बायको समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघायची. मग भाऊ ओरडून सांगायचे, "बरी आहे म्हणते!"

"एवढंच?"

"खातेपिते नीट!"

"अहो, इतका वेळ बोलत होती ती..."

"तेच तेच गं! फोन ठेवला तिने!"

कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की यंत्र लावलं तर फोनवरचंही स्पष्ट ऐकू येईल, आणि तिथल्या तिथे किंमतही सांगितली. पैसे नव्हते असं नाही. बायको घरी पडदे शिवून चार पैसे राखून होती, भाऊंचंही बाजूला पडलेलं होतं. पण भाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शेवटचं किती?"

"इथे भाव होत नाही," काउंटरवरच्या बाई वर न बघता म्हणाल्या.

भाऊ उठले. बायकोला घेऊन सावकाश बाहेर पडले, पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर थांबून चपलेचा पट्टा उगाच दोनदा नीट केला. हाक काही आली नाही.

"चल," ते तणतणत म्हणाले. "फोनवर ढिगाने पडलीत असली यंत्रं. यांच्या निम्म्यात आणून दाखवतो."

फोनवर तेच यंत्र होतं आणि खरंच थोडं स्वस्त होतं. कुणाही शहाण्या माणसाने तेव्हाच घेतलं असतं. पण भाऊंनी ते बघितलं, पुन्हा बघितलं आणि फोन बंद करून टाकला. लगेच घेतलं तर समोरच्याला आपली गरज कळते, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहतात तो किंमत थोडी चढलेली. भाऊ हसले. "घाबरवतोय मला," म्हणाले आणि पुन्हा बंद केलं. तिसऱ्या दिवशी तिथे लाल अक्षरांत आलं, 'फक्त दोन शिल्लक!' भाऊ तर खूशच झाले, कारण हे वाक्य ते स्वतः आठवड्यातून वीसदा म्हणत असत.

मग फोनवर निरोप आला: 'तुम्ही पाहिलेली वस्तू अजून तुमची वाट पाहत आहे.'

"बघितलंस?" भाऊ बायकोच्या कानाशी गरजले. "पायरीवर हाक मारली! आलाच खाली!"

उघडून बघितलं तर किंमत आणखी वर गेलेली. गिऱ्हाइकाला हाक मारून भाव वाढवणारा दुकानदार भाऊंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी फोन उलटापालटा करून पाहिला. तरी हार कसली मानतायत! खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं त्यांना सापडलं: 'खास सभासदांना खास भाव. पहिला महिना फुकट.' भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि खास सभासद झाले. भाव उतरला, अगदी पहिल्या दिवशीच्या भावावर येऊन थांबला. म्हणजे आता आणखी उतरणार, असा हिशेब करून भाऊंनी पुन्हा फोन बंद केला.

असे दिवस नाही, महिने गेले. मुलीला सातवा लागला. रविवारी "बरी आहे म्हणते" चालूच होतं. बायको एकदा म्हणाली, "अहो, डॉक्टरकडचंच आणा ना, असू दे महाग." भाऊंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने त्यांना शर्यत अर्ध्यात सोडायला सांगितली होती.

फुकटचा महिना केव्हाच संपला होता. बँकेचे निरोप येत होते, पण बँकेचे निरोप वाचणारा माणूस वेगळा, भाऊ त्यातले नव्हेत. एके दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी त्यांचा फोन हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भाऊ, दर महिन्याला पैसे जातायत तुमचे. सभासद म्हणून. शिवाय हे वस्तुसंरक्षण कसलं?"

"कुठल्या वस्तूचं? मी काही घेतलंच नाहीये!"

"न घेतलेल्या वस्तूचं संरक्षण," बाई शांतपणे म्हणाल्या. "टिकमार्क आधीच केलेला असतो. काढायचा राहिला तुमच्याकडून." मग त्यांनी आपल्या फोनवर तेच यंत्र काढलं. त्यांच्याकडे किंमत बरीच कमी दिसत होती.

भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. "माणूस बघून भाव? हा काय धंदा झाला? ही तर दरोडेखोरी!"

बाईंनी दुकानभर रचलेल्या, किंमत नसलेल्या खोक्यांकडे एकदा पाहिलं आणि मग भाऊंकडे पाहिलं.

"माझी गोष्ट वेगळी," भाऊ गुरगुरले. "मी समोर उभा राहून बघतो. हा मेला लपून बघतो." आपला तो बाब्या, दुसरं काय!

सभासदत्व रद्द करायला ते तिथेच बसले. फोनने विचारलं, 'खरंच जाताय? आम्हाला वाईट वाटतंय.' खाली दोन बटणं होती. एक मोठं आणि ठळक, 'हो, मला बचत हवी'. दुसरं फिकट आणि इवलंसं, 'नको, मी जास्त पैसे देईन'. आता भाऊंसारखा माणूस 'मी जास्त पैसे देईन' यावर बोट ठेवेल का? मरण पत्करेल. त्यांनी ठसक्यात मोठं बटण दाबलं. फोनने अभिनंदन केलं आणि वर्षभराच्या सभासदत्वाचे पैसे एकदम कापून घेतले.

भाऊंनी तक्रार केली. उत्तरं गोड आवाजात आली, प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात, आणि प्रत्येक आवाजाने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. शेवटच्या आवाजाने विचारलं, "सर, तुम्हीच बटण दाबलंत ना?" भाऊंनी फोन ठेवून दिला. एवढी वर्षं दुकानात हाच प्रश्न विचारून त्यांनी किती जोड परत घ्यायचे टाळले होते! संध्याकाळी मान खाली घालून ते घरी निघाले. गेलेल्या पैशांत डॉक्टरकडच्या यंत्राचा मोठा हिस्सा निघाला असता.

घरी बायको खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या कानात काहीतरी होतं. दुपारी शेजारणीला घेऊन ती डॉक्टरकडे गेली होती, पडद्यांच्या पैशांतून छापील किंमत मोजली होती आणि पावती टेबलावर ठेवली होती. भाऊंनी आधी पावती पाहिली.

"काही कमी केले का त्यांनी?"

"ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."

तिने मुलीला फोन लावलेला होता आणि बोलून नुकताच ठेवलेला होता. तिचे डोळे सुजले होते.

"पोरीला तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव झाला होता. महिनाभर अंथरुणावर होती. 'आईला पाठवा' म्हणून तुमच्यापाशी रडत होती. तुम्ही मला काय सांगितलंत?"

भाऊ म्हणाले, "तू घाबरशील म्हणून... आणि तिकिटं त्या आठवड्यात किती चढली होती, तुला माहीत नाही. म्हटलं जरा उतरू देत..."

"आणि तिने यंत्र पाठवते म्हटलं तेव्हा?"

"ते तर छापील किमतीला घेणार होती ती!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. मग तिने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा इथे. इतक्या रविवारी पोरगी काय काय बोलली, ते सगळं मला सांगा. पहिल्यापासून. आणि त्यातला एक शब्दही कमी करायचा नाही."

भाऊ बसले. गावातल्या अर्ध्या लोकांच्या टाचा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. मुलगी तासतासभर बोलायची तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात स्वतःचा फोन असायचा आणि त्यावर यंत्राची किंमत उघडलेली असायची. बायको वाट बघत होती.

"बरी आहे म्हणायची," भाऊ शेवटी म्हणाले.