अर्ध्या मिनिटाचा गुन्हा

ऑगस्टमधली दुपार, चपलेला डांबर चिकटेल असं ऊन, दोन्ही बाजूंना लांबवर एकही गाडी नाही, आणि भाऊ फुटपाथच्या कडेला डोक्यावर रुमाल धरून उभे. सिग्नलमधला लाल माणूस हिरवा झाल्याशिवाय ते हलायचे नाहीत. मी एकदा पाऊल पुढे टाकलं, तर त्यांनी मागून माझा शर्ट धरला. "चारशे दिरहम दंड आहे. म्हणजे नऊ हजार रुपये. आणि पलीकडे आहे काय? कॅफेटेरिया." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "आधी नियम बघू."

भाऊंचं खरं नाव मी सांगणार नाही. का, ते शेवटी कळेल. तसंही ते नाव फक्त त्यांच्या पासपोर्टवर होतं. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, गणपतीच्या आरतीला सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. आमचा मल्याळी मॅनेजर तर "मिस्टर भाऊ" म्हणायचा.

बर दुबईतल्या आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते पीआरओ होते. इकडे याला मंदूब म्हणतात. माणसांचे व्हिसा, मेडिकल, ओळखपत्रं, सगळ्यांचे कागद घेऊन मालकाची सही आणि सरकारचा शिक्का यांच्यामध्ये दिवसभर धावणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळे त्यांची अशी ठाम श्रद्धा झाली होती, की पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन फोटो, तीन झेरॉक्स आणि अरबी भाषांतर एवढं जोडलं की जगात कुठलंही काम अडत नाही.

आम्ही दोघं इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहायचो आणि त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायचो. पेट्रोलचे पैसे ते घ्यायचे नाहीत. "पैसे घेतले की टॅक्सी झाली. टॅक्सीला परवाना लागतो." मग माझी बायको अधूनमधून थालीपिठं द्यायची. डबा हातात घेऊन भाऊ विचारायचे, "हे प्रेमाने आहे ना? पेट्रोलबद्दल नाही ना?" प्रेमाने आहे म्हटलं की मगच झाकण उघडायचे. तुम्ही म्हणाल, थट्टा असेल. नव्हती हो. मी चेहरा बघितलाय.

एके दिवशी सकाळी गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी काचा वर केल्या, फोन काढून मागच्या सीटवर ठेवला आणि त्यावर जाकीट टाकलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"अरे, माझी एक वस्तू आहे," ते म्हणाले. "गावाला. पोलीस ठाण्यात."

"काय वस्तू?"

त्यांनी पार्किंगमध्ये इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या गाडीत एक फिलिपिनो बाई लिपस्टिक लावत होती. ती गेल्यावर भाऊंनी ओठ न हलवता तो शब्द उच्चारला. बंदूक. त्यानंतर मी तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. आखातात राहून असले शब्द बोलायचे नाहीत, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. तेव्हापासून ती आमच्यासाठीही वस्तूच झाली.

भाऊंचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. तिथे माड, काजू, केळी, आणि ते सगळं खायला माकडं. त्यांच्या वडिलांकडे, आबांकडे, ठासणीची बंदूक होती. नळीतून वरून दारू ठासायची आणि बार काढायचा. शेतीच्या रक्षणासाठी असा परवाना कोकणात पुष्कळांकडे असतो. आबांनी जन्मात एकही माकड मारलं नाही. ते हवेत बार काढायचे. पहिल्या वर्षी माकडं पळाली, दुसऱ्या वर्षी शेजारच्या माडावर सरकली, आणि तिसऱ्या वर्षापासून, भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, आवाज झाला की आबांकडे नुसती मान वळवून बघायची. तरी आबा रोज संध्याकाळी ओटीवर बसून वस्तूला तेलपाणी करायचे.

भाऊ एकदा सुट्टीवर गेले, ती शेवटची भेट, तेव्हा आबा म्हणाले होते, "ती सरकारात जमा होऊ देऊ नको." भाऊ म्हणाले, "नाही देणार."

पुढे आबांना जास्त झालं, तेव्हा भाऊ एका बिहारी सुताराचे कागद घेऊन रांगेत उभे होते. त्या सुताराची आई आजारी होती, त्याला त्याच दिवशी सोडायचं होतं. भाऊंनी त्याचं काम पुरं केलं, त्याला विमानात बसवलं, आणि मग स्वतःचं तिकीट काढलं. सुतार वेळेवर पोचला. भाऊ तिसऱ्या दिवशी. हे त्यांनी मला शेख झायेद रोडच्या ट्रॅफिकमध्ये समोर बघत सांगितलं. मी एसी कमी केला.

परवाना आबांच्या नावावर, म्हणून आबा गेल्यावर वस्तू नियमाप्रमाणे ठाण्यात ठेवली गेली. वारस म्हणून आपल्या नावावर परवाना घ्यायचा आणि ती सोडवून आणायची, हे भाऊंच्या मनात सहा वर्षं होतं. आता निवृत्ती जवळ आली तशी घाई सुटली. आणि तिथेच पेच आला. वहिनी गोव्याच्या. त्यांना म्हापशाला फ्लॅटमध्ये राहायचं होतं, बहिणीच्या शेजारी, हॉस्पिटल जवळ. म्हापसा गावापासून तासाभरावर. पण मध्ये राज्याची हद्द.

"माणसाला हद्द नाही," भाऊ म्हणाले. "मासळीला नाही. वस्तूला आहे."

झालं. आमच्या गाडीत शस्त्र कायद्याचा अभ्यास सुरू झाला. भाऊंनी अख्खा कायदा आणि नियम छापून आणले, पिवळ्या आणि गुलाबी रंगात रेघा मारल्या. पिवळं म्हणजे महाराष्ट्राने काय द्यायचं, गुलाबी म्हणजे गोव्याने काय मागायचं. सिग्नल लागला की मी वाचायचं आणि त्यांनी अर्थ सांगायचा. मी टेंडरच्या खात्यातला माणूस, पण दोन महिन्यांत मला ना-हरकत दाखला झोपेत लिहिता आला असता.

एका शुक्रवारी दुपारी ते घरी आले आणि बाल्कनीत जाऊन बराच वेळ आमच्या कुंड्या बघत राहिले.

"हा कढीपत्ता," ते म्हणाले, "पीक धरतील का?"

"कोण?"

"गोवा सरकार. शेतीचा परवाना म्हटल्यावर शेती लागते. फ्लॅटला बाल्कनी आहे. मिरच्या लावता येतील. आणि कबुतरं येतात. उपद्रव सिद्ध करता येईल."

माझी मुलगी गृहपाठ करत होती. तिने मान वर करून विचारलं, "अंकल, यू वॉन्ट टु शूट पिजन्स?"

"नो, नो, बेटा," भाऊ घाईघाईने म्हणाले. "ओन्ली पेपरवर्क."

आता तो अरबी भाषांतराचा पराक्रम सांगतो. गावी अर्ज पाठवायचा, तर भाऊंनी आबांच्या जुन्या परवान्याचं अरबीत भाषांतर करून घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "भाऊ, सिंधुदुर्गात अरबी कोण वाचणार?" ते म्हणाले, "इथून जाणारा कागद अरबीशिवाय कसा जाईल? उघडा वाटतो." अठ्ठावीस वर्षांची सवय, दुसरं काय. टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी मुलाने कागद वाचला आणि हात कीबोर्डवरून मागे घेतले. "भाईसाब, ये टाइप करेगा तो मेरे को कोई उठाके तो नहीं ले जाएगा?" भाऊंनी त्याला अर्धा तास समजावलं की वस्तू हिंदुस्थानात आहे, कुलपात आहे, आणि तिचा मालक स्वर्गात आहे. शेवटी तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि टाइप केलं.

फाइल पाहण्यासारखी झाली होती. रंगीत विभाग, अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर शिक्का. ती जिल्ह्याच्या कार्यालयात पोचली आणि सगळ्यात वरचं पान बघून तिथल्या कारकुनाला घाम फुटला. दुबईचा शिक्का, अरबी मजकूर आणि विषय बंदूक. त्याने कागद सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला, आणि अभिप्रायासाठी वर पाठवून दिला. वरून तो एका उर्दू शाळेच्या मास्तरांकडे गेला. मास्तर सुट्टीवर. ते आल्यावर त्यांनी लिहून दिलं की जेवढं समजतं त्यावरून सदर कागदात एका जुन्या बंदुकीचा व पुष्कळ माकडांचा उल्लेख असून आक्षेपार्ह काही आढळत नाही. यात सात महिने गेले.

भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "लोकांचे हजार कागद केले रे. स्वतःचा एक केला, आणि त्याला भाषा जास्त झाली."

तोवर निवृत्तीची तारीख आली होती. कार्यालयाने कळवलं ते थोडक्यात असं: अर्जदाराने गावात राहून शेती करावी, तर परवान्याचा विचार होईल. अर्जदार गोव्यात सदनिकेत राहणार असेल, तर पीक नाही, सबब रक्षण नाही. वस्तू कायमची सरकारजमा करण्यास संमती द्यावी.

वहिनी एरवी कमी बोलणारी बाई. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. वाढताना म्हणाल्या, "हे बघा, अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या मागून वाळवंटात राहिले. आता माकडांत नाही राहणार. माझे गुडघे गेलेत. एक तर मी, नाहीतर ती नळी."

"नळी नको म्हणू गं," भाऊ हळूच म्हणाले. "आबांची आहे."

"आबांचा मुलगा पण आबांचाच आहे. त्याला कोण बघणार?"

भाऊंनी आमटी मागितली, आणि खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला संमतीपत्र दाखवलं. स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, समास सोडून. अरबी भाषांतर जोडलेलं नव्हतं. मी बायकोकडून थालीपिठं आणली होती. त्यांनी "प्रेमाने आहे ना" असं विचारलं नाही. मला त्यावरूनच कळलं की माणसाला किती लागलंय.

मग ते दुबई सोडून गेले. व्हिसा रद्द करायचे कागदही त्यांनी स्वतःच भरले, स्वतःचा फोटो स्वतः चिकटवला आणि रांगेत टोकन घेऊन बसले. नवा पीआरओ चुणचुणीत आहे, सगळं मोबाइलवर करतो. मी आता बसने जातो. रिकाम्या रस्त्यावर लाल माणूस दिसला की अजून थांबतो. मागून शर्ट धरायला कोणी नाही, तरी थांबतो. खूप आठवण येते हो त्यांची.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. साधा फोन. व्हॉट्सॲपवरून बोलणं इकडे चालत नाही, हा नियम ते म्हापशात बसूनही पाळतात.

"वस्तू जमा केली," ते म्हणाले.

ठाण्यात हवालदाराने ती आतून आणून टेबलावर ठेवली होती. दोरीने बांधलेलं लेबल, नळीला गंज. भाऊंनी सगळीकडे सह्या केल्या. हवालदार गावाकडचाच, आबांना ओळखणारा. तो म्हणाला, "भाऊ, एकदा हात लावून घ्या. बापाशीचीच ती."

भाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "परवाना नाही माझ्या नावावर," ते म्हणाले. "धरता येत नाही."

"अहो, मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगाल. कायदा सांगत नाही."

वहिनी बाहेर रिक्षात बसल्या होत्या. वेळ झाला म्हणून आत आल्या. त्यांनी टेबलावरची ती वस्तू पाहिली, पाठीमागे हात बांधून उभा असलेला नवरा पाहिला. काय चाललंय ते हवालदाराने सांगितलं. मग वहिनींनी भाऊंचे हात सोडवले, उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं आणि हात नेऊन बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर ठेवला. वर आपला हात दाबून धरला. हवालदाराला म्हणाल्या, "टाकायचं तर मला आत टाका. ह्यांचा हात मी ठेवलाय."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, असं भाऊ म्हणाले.

"लाकूड अजून गुळगुळीत आहे रे," ते म्हणाले. "आबा गाल टेकवायचे ना, तिथे खोलगट झालंय."

मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "अर्धा मिनिट होता हात. कलम लागू शकतं. कोणाला सांगू नको."

नाही सांगणार, म्हटलं. तुम्हाला सांगितलं, पण नाव नाही घेतलं, तेव्हा शब्द पाळला असं धरायला हरकत नाही.

"पण भाऊ," मी विचारलं, "आधी नियम नाही बघितला?"

"बघितला ना," ते म्हणाले. "घरी आल्यावर."