यॉर्कच्या तटावरची प्रदक्षिणा

ईडन प्रेरीत मार्च म्हणजे वसंत वगैरे काही नसतं. पार्किंगच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेला बर्फ काळा पडतो, एवढाच काय तो ऋतुबदल. दोन हजार चारच्या त्या मार्चमध्ये मला तिथे, अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन तीन वर्षं होत आली होती. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखा जोडलेला, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास. म्हणजे दूध आणायचं तरी नवरा ऑफिसातून येईपर्यंत वाट बघायची. चालत जाता येईल असा फक्त मॉल होता. बाहेर गोठायला होतं म्हणून पांढरे बूट घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या दुकानं उघडायच्या आधी तिथे आतल्या आत गोल गोल चालायचे. मी बत्तीस वर्षांची बाई, जाऊन त्यांच्यात चालायचे. एक आजोबा रोज 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. कित्येक दिवस नवऱ्याखेरीज माझ्याशी बोललेला माणूस तेवढाच.

नागपूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायचे. बिनपगारी रजा घेऊन आले होते आणि ती जूनमध्ये संपत होती. प्राचार्यांचा फोन आला, "मॅडम, रुजू होताय की तुमची जागा भरू?" मी थोडे दिवस मागून घेतले. माझं मन तेव्हाच ठरलं होतं, फक्त नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. पण सांगायचं कधी? जेवताना त्याच्यासमोर लॅपटॉप, जेवण झालं की भारतातल्या टीमबरोबर कॉल. वाईट नव्हता हो तो. वाईट असता तर भांडायला तरी काही मिळालं असतं.

तेवढ्यात ऑफिसच्या कामासाठी त्याला इंग्लंडमध्ये यॉर्कला जावं लागलं. मीही बरोबर गेले. गावाभोवती जुना दगडी तट, त्यावरून माणसांना चालता येतं. तटाच्या उतारावर पिवळी डॅफोडिल्स नुसती उतू चालली होती. तो कामावर गेला की मी खालून तटाकडे बघत हिंडायचे, पण वर चढले नाही. कारण मी मनाशी एक बेत केला होता. रविवारी दोघांनी तटावरून पूर्ण फेरी मारायची आणि चालता चालता त्याला सांगून टाकायचं. तटावर लॅपटॉप उघडता येत नाही. बोलणं टाळून जायला दुसरी खोलीही नसते.

रविवारी आम्ही वेशीच्या दरवाजापाशी पायऱ्या चढलो. गाव उजव्या हाताला राहील अशी मी सुरुवात केली. लहानपणी आईबरोबर देवळात जायचे ती सवय. देव उजवीकडे ठेवायचा, अर्ध्यातून मागे फिरायचं नाही. इंग्लंडातल्या तटाला हा नियम कशाला, पण पाय आपोआप तसेच वळले. डावीकडे डॅफोडिल्स, उजवीकडे बागांच्या पलीकडे ते मोठं चर्च. तो म्हणाला, "मस्त आहे ना?" मी म्हटलं, "मला तुला काही सांगायचंय." आणि त्याचा फोन वाजला.

"सॉरी, सर्व्हर डाऊन आहे. घ्यायलाच लागेल. तू हो पुढे, मी गाठतो तुला," असं म्हणत तो पुढच्या दरवाजापाशी खाली उतरलासुद्धा. माझ्याकडे फोन नव्हता. मी रेंगाळत, वळून वळून बघत चालत राहिले. मागून कोणी येईना. थोड्या वेळाने तट एकाएकी संपला. खाली उतरले तर मोटारींचा रस्ता आणि एक पाटी. पूर्वी इथे दलदल होती, म्हणून इथे भिंत कधी बांधलीच नाही, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी ती पाटी उगाच पुन्हा वाचली. भिंत नाही आणि तरी पलीकडे जाता येत नाही, हे मला भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळण्यासारखं होतं.

मागे फिरावंसं वाटलं, पण अर्धी प्रदक्षिणा कशी सोडणार? पुन्हा तट लागला, पुन्हा संपला, नदी आली. पुलाखाली काठावर एक बाक होता. त्यावर बसून मी रडले. नवरा आला नाही म्हणून नाही. तो येणार नाही याची मला खात्री होती, आणि ती खात्री मला किती सवयीची झाली होती, हे कळलं म्हणून. बदकं जवळ येऊन बघून गेली. बऱ्याच वेळाने उठले, पूल ओलांडला आणि उरलेली फेरी एकटीने पुरी केली.

हॉटेलवर पोचले तर तो पलंगावर मोजे काढून बसलेला. टाचेला हा मोठा फोड.

"कुठे होतीस तू? अख्खी भिंत फिरलो यार!"

"तू आला होतास?"

"मग! कॉल लगेच संपला. म्हटलं, मागून पळत कशाला येऊ? लूप आहे ना हा. उलट्या बाजूने निघालो की कुठेतरी समोरासमोर येणारच."

त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. मी पुलाखाली बसले होते तेव्हा तो पुलावरून गेला असणार.

"प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत," मी म्हणाले. तो हसला. किती महिन्यांनी तो असा हसला होता! मला वाटलं, आता काही सांगायलाच नको. या एका फोडावर आणखी तीन वर्षं काढता येतील. मग मॉल आठवला आणि मी सांगितलं, "मी जूनमध्ये नागपूरला जातेय. परत रुजू व्हायला."

तो टाचेकडे बघत राहिला. नको जाऊ, एवढं म्हणाला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी वाट मात्र पाहिली. मग त्याने लॅपटॉप ओढून घेतला, कारण अडचण आली की तो तेच करायचा.

"वन वे काढू की राउंड ट्रिप?"

"राउंड ट्रिप," मी म्हणाले.

परतीच्या तिकिटावरची तारीख आली तेव्हा मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढत होते. संध्याकाळी घरी येऊन फोनजवळ बसले. फोन वाजला नाही. मीही केला नाही.