मागच्या सीटवरून: शिरूर, दौंड आणि एक झिजलेला बुश

आमच्या या ब्लॉगवर आजवर विलासच लिहीत आला. घाट, मायलेज, टायर, सगळं त्याच्या नजरेतून. मी त्याची बायको. अकरा वर्षं त्याच्या मागे बसून हिंडले, फोटोत हेल्मेटच्या आड असते. या वेळचं मी लिहितेय, कारण निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "दौंडपर्यंत येते. तिथून मी रेल्वेने घरी. यापुढे तुझ्या मोटारसायकलवर मी बसणार नाही."

दिवाळीपासून खड्डा आला की माझ्या सीटखाली 'कट्ट' व्हायचं आणि मागचं चाक क्षणभर बाजूला सरकल्यासारखं वाटायचं. मी सांगायचे. तो म्हणायचा, "रस्ताच तसा आहे." मग, "तू फार हलतेस, घट्ट धरून बस." शेवटी तर, "तुझं वजन वाढलंय गं." आता बोला! कंबर दुखायची ती दुखायचीच, पण आपलं म्हणणं कुणी धरतच नाही, हे जास्त लागायचं.

शनिवारी सकाळी सहाला पुण्यातून निघालो. जाणार असाल तर वाघोली लवकर पार करा. उशीर झाला की कोरेगाव भीमापासून कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर अंगावर येतात. शिक्रापूरला मिसळ खाल्ली, दोघांचं मिळून दोनशेच्या आत भागलं. रांजणगावच्या पुढं रस्ता मोकळा, कोवळं ऊन, मी जरा सैल झाले. तेवढ्यात शिरूरच्या अलीकडे गतिरोधक आला. कट्ट! चाक असं डुललं की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबूनच धरला. मी ओरडले, "थांबव!"

शंभर पावलांवर पत्र्याचं एक गॅरेज होतं. मालक साठीचे, सगळे त्यांना रशीदमामा म्हणत होते.

"मामा, जरा चेन बघा," विलास म्हणाला. "आवाज येतोय म्हणे."

मामांनी मलाच विचारलं, "ताई, खड्ड्यात जाताना लागतंय का वर येताना?"

मी बघतच राहिले. "वर येताना. आधी सीट खाली गेल्यासारखी वाटते, मग कमरेत दणका बसतो."

"मामा, गाडी मी चालवतो," विलास मध्येच म्हणाला.

"व्हय, हँडल तुमच्याकडं हाय. मागचं चाक ह्यांच्याखाली हाय. त्याचं मागं बसणाऱ्यालाच आधी कळतं." मग किल्लीसाठी हात पुढं करून म्हणाले, "मी चालवतो. तुम्ही बसा मागं."

स्वतःच्या गाडीवर विलास मागे कधीच बसला नव्हता. दोघं त्या गतिरोधकावरून जाऊन आले. उतरला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"दिवाळीपासून असं होतंय?"

"मी काय वेगळं सांगत होते?"

मामांनी गाडी जॅकवर घेतली, विलासचं बोट सीटखालच्या एका सांध्यावर ठेवलं आणि मागचं चाक हातानं वर उचललं. कट्ट! मागचं चाक आणि धक्के झेलणारा शॉकअब यांना जोडणारे हे पोलादी सांधे, म्हणजे लिंकेज. प्रत्येक सांध्यात बोल्ट, त्याच्याभोवती बुश म्हणजे धातूची छोटी नळी आणि मध्ये ग्रीस. मामांनी बोल्ट ठोकून बाहेर काढला, तर तो मधोमध झिजून बारीक झालेला. बुश लंबगोल. ग्रीसचा पत्ता नाही, नुसता तांबडा गंज.

"गाडी धुता कशानं?"

"प्रेशर वॉशरनं. दर रविवारी," विलास जरा अभिमानानंच म्हणाला.

"तरीच. फवाऱ्यानं ग्रीस पार धुऊन गेलं. आन् आवाज आला तवा नट आवळला असंल?"

"आवळला."

"आवळून प्ले, ह्यो ढिलेपणा, जात न्हाई, साहेब. झिजलं ते झिजलं. उलट सांधा आखडतो."

घट्ट धरून बस, हा उपाय माझ्यावरही झालाच होता की.

शेजारच्या लेथवर गनमेटलचे नवे बुश कातून मिळाले, बोल्ट बाजारातून आले. तीन तास आणि दोन हजारांच्या आत काम झालं. तुमच्या गाडीचं मागचं चाक उचलताना शॉकअब दबायच्या आधी खटका लागला, तर लांबच्या प्रवासाला निघू नका.

पुढं निमोण्याच्या बाजूनं गेलो. साखर कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत होते, त्यांना भरपूर जागा द्या. भीमा ओलांडली, दौंडच्या अलीकडे गुऱ्हाळावर थांबून गरम गूळ खाल्ला. खाली आवाज नाही, काही नाही. प्रत्येक गतिरोधकाला विलास विचारत होता, "आता?" मी मुद्दाम उत्तर देत नव्हते. येऊ दे की त्याच्याही जिवाची घालमेल.

दौंड स्टेशनपाशी त्यानं आपणहून गाडी थांबवली.

"तिकीट काढून आणू?" आवाजात टोमणा नव्हता. मग हेल्मेटच्या आतूनच म्हणाला, "चुकलं माझं."

"हेल्मेट काढून म्हण."

रिक्षावाले बघत होते. त्यानं हेल्मेट काढलं. "चुकलं माझं. तुझं ऐकायला हवं होतं."

एवढंसं तर हवं होतं मला. मी हेल्मेट चढवलं आणि मागे बसले. पाटस, यवत करत अंधार पडायच्या आत घरी पोचलो.

आता गाडी बादली-मगानं धुतली जाते. काल तो खाली गाडी धूत असताना शेजारच्या काकांनी विचारलं, "काय विलास, गाडी काय म्हणतेय?" एरवी अर्धा तास भाषण झालं असतं. त्यानं वर गॅलरीत माझ्याकडं पाहिलं.

"हिला विचारा," तो म्हणाला. "मागे ही बसते."