दारातली फांदी

बागेतल्या माळीणबाईला सारी गल्ली 'फौजदार' म्हणायची. बागेच्या दारातल्या झाडाची एक फांदी वाटेवर आडवी आली होती, पण ती छाटायचं नाव काढलं की बाईचा पारा चढायचा. "वाकलात तर काय मान झिजते?" असं विचारून ती तक्रार करणाऱ्याला वाटेला लावायची. शेवटी वाकणंच लोकांच्या अंगवळणी पडलं.

यंदा ते झाड उभ्या उभ्या वाळलं. फौजदारबाईने दोर बांधून ते शेंड्यापासून उतरवलं, बुंधा खणून काढला आणि खड्ड्यात नवी माती भरून अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप लावलं.

दुसऱ्या दिवशी फिरायला आलेले सगळे जण त्या मोकळ्या वाटेवरही वाकूनच आत शिरले. दुपारी तिचा नवरा डबा घेऊन आला, तोही वाकला.

"अहो, फांदी गेली. मान वर करा आता."

"राहू दे. सवय मोडा, मग नवी फांदी आली की परत लावा, ती उठाठेव कोणी सांगितलीय?" मग रोपाकडे बघत तो हळूच म्हणाला, "पण ती डोक्याला लागेपर्यंत आपण असू का गं?"

"तुमचं तुम्ही बघा," झारी उचलत ती म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"